अकरा डबे

सकाळपासून डोकं फिरलंय आणि कारण म्हणाल तर आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप.

काल कुठल्याशा चॅनलवर भेसळीच्या दुधाची बातमी लागली होती. टँकर, पोलीस, रस्त्यावर ओतलेलं दूध, नेहमीचंच. सी विंगमधल्या एका नव्या आईनं बिचारीनं साधं विचारलं, "बाळाला वर्ष झालं, वरचं दूध सुरू करायचंय. कोणतं सुरक्षित?" झालं. दहा मिनिटांत पस्तीस उत्तरं. गीर गायीचं ए-टू. काचेच्या बाटलीतलं. मावळातल्या कुठल्याशा फार्मवरून थेट दारात येणारं, ज्याच्या ॲपवर गायीचा फोटोसुद्धा दिसतो. आणि शेवटी आमच्या एका सन्माननीय सभासद काकांनी निकाल दिला, "चांगल्या दुधाला पैसे मोजावे लागतात. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं, उगाच पॅनिक कशाला?" त्याखाली अकरा अंगठे.

अकरा. नेमका हाच आकडा यायला हवा होता.

सप्टेंबर २००८. नवऱ्याच्या कंपनीनं आम्हाला शांघायला पाठवलं होतं. मुलगा चौदा महिन्यांचा. घरी कामाला एक बाई यायची, आनह्वी प्रांतातली. तिकडे अशा बाईला 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. लेक मला 'आई' म्हणायचा आणि तिला 'आयी', त्यामुळे त्यानं हाक मारली की आम्ही दोघी धावायचो आणि दारात एकमेकींवर आपटायचो. माझं चिनी कच्चं, तिला इंग्रजी शून्य. पण चांगलं चाललं होतं.

११ सप्टेंबरला शांघायच्याच एका वर्तमानपत्रानं सानलू या कंपनीचं नाव छापलं. तोवर 'एका कंपनीची पावडर पिऊन बाळांना मुतखडे होताहेत' एवढंच मोघम येत होतं. मुतखडे! सहा-आठ महिन्यांच्या बाळांना! दुधात मेलामाईन निघालं. हो, तेच, ज्याच्या ताटल्या आपल्याकडे लग्नात रुखवतावर मांडायचे. मग इतर कंपन्यांच्या तपासण्या झाल्या, २२ कंपन्यांच्या बाळपावडरीत ते सापडलं, आणि आठवड्याभरात साध्या दुधाचीही नावं बाहेर आली. आमच्या फ्रिजमध्ये जे खोकं होतं, त्याचंही. मी उभ्या उभ्या सगळं सिंकमध्ये ओतलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, अगं तीनदा उकळू, जाईल. त्यांना कसं सांगू की हे उकळून जाणारं नाही.

लेकाची सोनोग्राफी करून आलो. काही निघालं नाही. ती पंधरा मिनिटं मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाहीत, इथंही सांगणार नाही.

आणि मग काय केलं? सगळ्या परदेशी लोकांनी केलं तेच. कोण न्यूझीलंडची पावडर सांगतंय, कोण जर्मनीच्या दुधाची खोकी. गुबेई भागातल्या कारफूर या सुपरमार्केटमध्ये आयात दुधाच्या फळीसमोर जपानी, फ्रेंच, कोरियन, आपल्या तमिळ-गुजराती बायका, सगळ्या खोकं उलटं करून 'कुठं बनलंय' ते वाचत उभ्या. भाव जवळजवळ तिप्पट. कोण बघतंय भाव! नवऱ्याचे दोन सहकारी सुट्टीवरून परतत होते, एक मुंबईहून, एक सिंगापूरहून. दोघांच्या बॅगांतून मिळून बाळाच्या दुधाचे अकरा डबे आले. मी ते बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या खाली रचले. आणि मोजले. रोज मोजायचे. का, विचारू नका.

आयीला नातू होता, आठ महिन्यांचा. मुलगा-सून शांघायला कारखान्यात, बाळ गावी दुसऱ्या आजीकडे. आई इथं, बाळ तिथं, म्हणजे पावडरच. आणि पावडर म्हणजे परवडणारी. सानलूची ४०० ग्रॅमची पिशवी १८ युआनला मिळायची, खेड्यापाड्यांत म्हणूनच तीच चालायची. हे मला आयीनं सांगितलं नाही. ती काही बोललीच नाही. मीच एकदा विचारलं, तर ओट्याकडे तोंड करून एवढंच म्हणाली की त्याला आता भाताची पेज देतोय.

तिचं गाव फूयांगजवळचं. २००४ साली याच फूयांगमध्ये बनावट पावडर विकली गेली होती, जिच्यात प्रथिनं जवळजवळ नव्हतीच. बाळांची अंगं सुकली, डोकी तेवढी मोठी दिसायला लागली. किमान डझनभर दगावली. 'मोठ्या डोक्याची बाळं' हा शब्द तिनं मला हातानं डोकं दाखवून समजावला होता. म्हणजे त्या बाईनं चार वर्षांत हे दोनदा पाहिलं.

आता एक गोष्ट सांगते, कारण ग्रुपवरच्या विद्वानांना वाटतं भेसळ म्हणजे कुणीतरी राक्षस विष कालवतो. दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी दिसतात. पण तिथल्या नेहमीच्या तपासणीत थेट प्रथिनं मोजतच नव्हते, नायट्रोजन मोजायचे आणि त्यावरून हिशोब लावायचे. मेलामाईनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. चिमूटभर टाकलं की पाणी घातलेलं दूध पास. संपलं! माझा मामा कोल्हापूरकडे डेअरीला दूध घालायचा. तिथंही सगळा जीव फॅट आणि एसएनएफमध्ये (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), ३.५ आणि ८.५ टक्के. त्याच्यावर दर. मामा म्हणायचा, मशिनीला जे दिसतं तेच दूध. तो बिचारा वैतागून म्हणायचा, पण खरं तेच होतं.

आणि वरच्यांना माहीत नव्हतं असं नाही. सानलूकडे तक्रारी २००७च्या डिसेंबरपासून येत होत्या. सानलूत ४३ टक्के वाटा असलेल्या न्यूझीलंडच्या फोंटेरा या दूधकंपनीला २ ऑगस्ट २००८ ला कळलं. ८ ऑगस्टला बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन. कळलं का? सगळ्या जगाचे कॅमेरे तिथं, आणि गावोगाव बाळं तीच पावडर पिताहेत. शेवटी न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी ८ सप्टेंबरला थेट बीजिंगला कळवायला लावलं तेव्हा चक्रं हलली. पाच आठवडे! एका बाळाच्या किती बाटल्या होतात पाच आठवड्यांत, मोजा. मी मोजल्या होत्या. मला तेव्हा मोजायचंच वेड लागलं होतं.

सरकारी आकडा सुमारे तीन लाख आजारी बाळं, ५० हजारांवर दवाखान्यात, सहा मृत्यू.

हो, मान्य, तिकडे शिक्षा झाल्या. सानलूच्या अध्यक्षा थ्येन वन्ह्वा यांना जन्मठेप, दोघांना २००९ मध्ये मृत्युदंड. आपल्याकडे भेसळवाला जामिनावर सुटून दुसऱ्या तालुक्यात धंदा मांडतो. पण त्याच चीनमध्ये चाओ ल्येनहाय नावाचा एक बाप होता. स्वतःच्या मुलाला मुतखडा झाला म्हणून त्यानं बाकीच्या आईबापांना गोळा केलं, माहिती मांडली, भरपाई मागितली. त्याला २०१० मध्ये अडीच वर्षांची शिक्षा. सामाजिक सुव्यवस्था बिघडवली म्हणे.

आणि आम्ही? आम्ही दहा दिवसांत गप्प. कारण आमचं दूध आम्हाला सापडलं होतं. पहिल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांत दुसरा विषय नव्हता, सगळे नुसते पेटलेले. कुठल्या दुकानात काय मिळतं हे पक्कं झालं आणि दिवाळीच्या फराळाचं बोलणं सुरू झालं. इकडे भारत सरकारनं चिनी दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली, तर माझ्या जावेचा फोन, "येताना तिकडची चॉकलेटं नको हं आणूस." तिनं तिच्या मुलांचा विचार केला, चुकलं काय? काहीच नाही. मीही तेच केलं. पळायला दार सापडलं की माणूस ओरडायचं थांबतो, एवढंच मी म्हणतेय, आणि आज त्या अकरा अंगठ्यांवर मला राग येतोय तो त्याचाच. त्या काकांच्या गेटवर जो वॉचमन उभा असतो त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. ती कोणतं दूध पिते? विचारलंय कुणी? ग्रुपवर तो नाहीच ना.

पुढे हाँगकाँगमध्ये तर वेगळीच तऱ्हा. सीमेपलीकडून पैसेवाले येऊन बाळपावडरीची दुकानंच्या दुकानं रिकामी करायचे, तिथल्याच आयांना डबा मिळेना. २०१३ मध्ये सरकारनं नियम काढला, सीमा ओलांडताना माणशी दोनच डबे. दोन डब्यांहून जास्त नेले तर गुन्हा! माझ्या कपाटात अकरा होते.

आता सांगतेच. मी आयीला डबा दिला, पण लगेच नाही. तीन आठवड्यांनी दिला. आधी मनात हिशोब चालला होता की लेकाला महिन्याला चार लागतात, पुढची बॅग कधी येईल, कस्टमवाल्यांनी अडवलं तर, आणि एकीला दिला तर पुढच्या महिन्यात काय. एवढा हिशोब मी सोन्याचाही कधी केला नाही. शेवटी एका शनिवारी दोन डबे पिशवीत घालून तिच्या हातात दिले. तिनं एक परत ओट्यावर ठेवला. माझ्या लेकाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मी आग्रह करायला हवा होता. मी तो डबा उचलून परत साड्यांखाली ठेवला.

नातवाचं पुढं काय झालं? पेज खाऊन राहिला, बरा होता, असं ती म्हणायची. मी तपासणीला नेलं का विचारलं नाही. २०१० मध्ये आम्ही परत आलो.

लेक आता सहा फुटांचा झालाय. दुधाचा ग्लास पुढे केला तर तोंड वाकडं करतो, ब्लॅक कॉफी पितो मेला.

ग्रुपवर मी मोठं उत्तर लिहिलं होतं, वॉचमनच्या मुलीसकट. मग पुसून टाकलं. उगाच काकांशी भांडण, पुढच्या महिन्यात पार्किंगचा विषय आहे, त्यांची सही लागते. म्हणून इथं ओकतेय. सी विंगच्या त्या मुलीला मात्र वेगळा मेसेज केला. तिनं विचारलं, "ताई, पण तुम्ही स्वतः कोणतं घेता?"

काचेच्या बाटलीतलं. मावळातून येतं. गायीचा फोटो दिसतो.