टॅग करू ना तुला!

पुन्हा तोच फोन. घोडबंदर रोडवरचा कॅफे, शनिवारची संध्याकाळ, तीन तास गिटार वाजवायचं. मानधन विचारलं की पलीकडून लाडात, "अरे, टॅग करू ना तुला! जेवण पण आहे." जेवण म्हणजे सँडविच, तेही उरलं तर. साउंडवाल्याला पैसे, फुगे लावणाऱ्याला पैसे, आणि ज्याचा फोटो बाहेर बॅनरवर छापलाय त्याला टॅग!

ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत तारा बघता बघता काळ्या पडतात, लाकूड फुगतं, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची पट्टीपासूनची उंची, वर येते. मग सेटअप करून घ्या, म्हणजे गिटार पुन्हा नीट जुळवून घ्या. अकूस्टिक गिटारच्या 12-53 जाडीच्या, संरक्षक थर दिलेल्या (कोटेड) तारांचा सेट काय फुकट मिळतो? गिटार, अ‍ॅम्प, पेडलबोर्ड (पायाने आवाज बदलायच्या पेडल्सची फळी) घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढून दाखवा, म्हणून रिक्षा. रिक्षावाल्याला टॅग चालतो का, विचारून बघतो एकदा.

वर फर्माइशी! "जरा हळू वाजव, लोकांना बोलता येत नाहीये." स्वतःची धून सुरू केली की लगेच चिठ्ठी : ओळखीचं काहीतरी घे. स्वतःचं करायचं ते मग शिकवण्या आटोपल्यावर मध्यरात्री, हेडफोन लावून, शेजारच्या काकांची झोप सांभाळत.

आजच्या महाभागाने तर कमालच केली. फुकट वाजवायचं ठरलेलंही नाही, आणि विचारतोय, "येताना माइक आणशील ना?"