मामा, तो नायलॉनचा रॉड तसाच ठेव

काल रात्री दिवाळे गावच्या मामाचा मेसेज आला, त्याच्या बोटीबद्दल. वर एक फॉरवर्ड आणि खाली त्याचं वाक्य: "रॉड आणलाय, रविवारी ये आणि टर्न करून दे." हाच फॉरवर्ड महिनाभरात मला तिघांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय की बोटीच्या पंख्याच्या शाफ्टचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, घासलं तर रबरी बुशावर पैसे घालवू नका. नायलॉनचं, शाफ्टला चापून बसणारं बुश करा, ग्रीस भरा, जन्मभर बघायला नको. नायलॉन नसेल तर कुठलंही लाकूड चालेल, जुने लोक तेच वापरायचे.

मी तुर्भ्यात लेथवर काम करतो, नायलॉन रोज कापतो. "चापून बसणारं" हा शब्द वाचूनच डोकं फिरलं. नायलॉन पाणी पितं. बनवणाऱ्यांच्याच तक्त्यात लिहिलेलं असतं की पूर्ण मुरल्यावर त्याचं वजन प्रकारानुसार ६ ते ९ टक्के वाढतं, आणि मापही साधारण दोन टक्क्यांनी. आता हिशेब करा. बुशाची भिंत ८ मिलिमीटर धरली तर एका बाजूला ०.१६, दोन्ही बाजूंना ०.३२ मिलिमीटर. बुश ज्या ट्यूबमध्ये बसतं तिने ते बाहेरून आवळलंय, म्हणजे फुगायला जागा एकच, आत, शाफ्टकडे. आणि तिथे तर गाळा, म्हणजे शाफ्ट आणि बुशामधली मोकळी फट, ठेवलाच नाही! घासून गरम झालं की आणखी फुगणार, कारण उष्णतेने नायलॉन पोलादाच्या सात-आठ पट वाढतं. शेवटी शाफ्ट जाम होतो. तोही भर खाडीत, ओहोटी लागलेली असताना.

यातली फसवणूक अशी की पाणी मुरायला आठवडे, कधी महिने लागतात. ट्रायलला बोट मस्त चालते, माणूस खूश होऊन ग्रुपवर "आमचं झालं, एकदम बेस्ट" असं टाकतो. दोन महिन्यांनी काय झालं ते कोणी टाकत नाही.

ग्रीसचं तर सांगूच नका. रबरी बुशाला आतून लांब खाचा असतात, त्यातून पाणी वाहतं आणि तेच त्याचं वंगण. आपल्या खाडीचं पाणी म्हणजे गाळ. रेतीचा कण आला की मऊ रबर दबतं, कण घरंगळत खाचेत जातो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. ग्रीस भरलं की खाचा बुजल्या, वर गाळ चिकटून शाफ्टवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. रबर तेलाला टिकणारं नायट्राइल नसेल, साधं असेल, तर तेलाने तेही फुगतं.

लाकडाचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य. १८५० च्या दशकापासून आगबोटींच्या शाफ्टला लिग्नम व्हिटी लावायचे. पण ते अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पाण्यात बुडणारं, स्वतःच्या राळेने बुळबुळीत राहणारं लाकूड. "कुठलंही" नव्हे.

प्लास्टिकच हवं असेल तर ॲसिटल घ्या. ते पाणी एक टक्क्याच्या आतच पितं, पण गाळा आणि खाचा त्यालाही लागतातच. जन्मभर यातलं काहीच टिकत नाही.

मामा, रविवारी येतोच. शाफ्ट बाहेर काढून ठेव, बुशाच्या जागेवर नख फिरवून बघ. नख अडकलं तर आधी शाफ्टचं काम करावं लागेल. माप घ्यायला व्हर्निअर मी आणतो.