थांबा, अजून एक येतेय

लोकांना एक शिंक येते, रुमाल काढतात, विषय संपला. मला एक कधी येतच नाही. येतात त्या लागोपाठ, आणि त्या संपल्यात की मधे नुसता दम खायला थांबल्यात हे मलाच कळत नाही तर समोरच्याला काय कळणार. मीटिंगमधे "हां तर मी काय म्हणत होतो" म्हणावं आणि तोंड उघडंच, डोळे मिटलेले, नाक छताकडे, सगळे श्वास रोखून बसलेत आणि ती येतच नाही! न आलेल्या शिंकेइतकं लाजिरवाणं काही नाही. सॉरी म्हणून बोलायला लागलो की मग हजर.

पहिल्या शिंकेला लोक काळजी करतात, दुसरीला पाणी देतात, नंतर मोजायला लागतात. म्हणीतली ती माशी परवडली, एकदाच शिंकते आणि काम बिघडवून मोकळी होते.

डॉक्टरांनी कागदावर 'पॅरॉक्सिझम' लिहिलं तेव्हा वाटलं, संपलं आपलं. शोधलं तर अर्थ एवढाच, अचानक उसळणारा आणि तसाच अचानक ओसरणारा झटका. मूळ ग्रीक, त्यातला 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण, ऑक्सिजनच्या नावातही तोच बसलाय. इंग्रजीत हा शब्द रागाला चालतो, हसू आवरेना झालं की त्यालाही चालतो, एकट्यादुकट्या शिंकेला मात्र कोणी लावत नाही, निदान लाईन तरी लागली पाहिजे. डांग्या खोकल्यात श्वास घ्यायची उसंत न देता ढास लागते तिथे हाच शब्द, आणि इटलीतला एटना लाव्हाची कारंजी उडवतो तेव्हा शास्त्रज्ञ त्यालाही पॅरॉक्सिझमच म्हणतात. आपलं नाक एटनाच्या पंगतीत बसलं म्हणून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझं अजून एक आहे, सावलीतून एकदम उन्हात आलो की सुरू. यालाही नाव आहे आणि ते १९७८ साली कोणीतरी फार मन लावून बसवलंय, 'ऑटोसोमल डॉमिनंट कम्पेलिंग हेलिओ-ऑप्थॅल्मिक आउटबर्स्ट', डॉमिनंटचा डी सोडून इंग्रजी आद्याक्षरं घ्या, 'आचू' होतं, म्हणजे इंग्रजीतलं आपलं 'आक्छी'. शेवटच्या अक्षरासाठी आउटबर्स्ट शोधून आणला बघा! १८ ते ३५ टक्के लोकांना हे असतं म्हणतात, आणि आईबाबांपैकी एकाकडे असलं तरी मुलात उतरायची शक्यता ५० टक्के.

घरी विचारलं. आई म्हणाली, आमच्याकडे असलं काही नाही, तुझ्या बाबांना विचार. बाबांनी पेपरमधून डोकं न काढता आईकडे बोट दाखवलं. म्हटलं सोपं आहे, दोघं जरा बाहेर उन्हात उभे राहा, आत्ता निकाल लागेल. तेव्हापासून दोघंही संध्याकाळशिवाय घराबाहेर पडत नाहीयेत.