साखर कण्यात की कण्याला लटकलेली? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मेथॅक्रिलेट हा साखळी जोडणारा रासायनिक गट लावलेल्या ग्लुकोजच्या पॉलिमरला (अनेक छोट्या रेणूंच्या लांब साखळीला) मी लेखात ‘जैवविघटनशील’ म्हटले, ते आपल्याला दिशाभूल करणारे वाटले. शिवाय ग्लुकोजचे हायड्रॉक्सिल (-OH) गट आधी झाकायचे आणि मागाहून उघडायचे हा खटाटोप अनाठायी आहे, असेही आपण लिहिले आहे. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो शब्द मी लेखातून काढला आहे. दुसरा मान्य नाही.

या मोनोमरमधला, म्हणजे साखळीच्या एका सुट्या रेणूमधला, दुहेरी बंध शर्करेच्या कड्यात नसून तिला जोडलेल्या मेथॅक्रिलेट गटात असतो. मुक्त मूलकांमुळे (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील कणांमुळे) साखळी वाढते ती त्याच बंधातून, त्यामुळे कणा, म्हणजे साखळीचा मुख्य धागा, निव्वळ कार्बन-कार्बन बंधांचा होतो आणि ग्लुकोज त्याला बाजूने लटकत राहते. वस्तुमानाचा सुमारे 72 टक्के भाग ग्लुकोजचा असला, तरी ग्लुकोजला कण्याशी जोडणारे एस्टर बंध तुटून ते सारे गळून पडल्यावर पॉलिमेथॅक्रिलिक आम्लाची अखंड साखळी मागे उरतेच. टक्केवारीवर भिस्त ठेवून मी कण्याकडे दुर्लक्ष केले, ही माझी चूक.

झाकण्याचे कारण मात्र रसायनाच्या मुळाशी आहे. ग्लुकोजच्या पाच हायड्रॉक्सिल गटांवर थेट अभिक्रिया केली, तर काही रेणूंना दोन-दोन मेथॅक्रिलेट गट चिकटतात, आणि असे थोडे रेणूही साखळ्या एकमेकींना बांधून न विरघळणारे जेल तयार करतात. ॲसिटोनने चार गट बांधले की तिसऱ्या कार्बनवरचा एकच मोकळा राहतो. पॉलिमर झाल्यावर फॉर्मिक आम्लाने ते बंधन सुटते आणि तोच पदार्थ पाण्यात विरघळू लागतो. (लायपेज विकराने सहाव्या कार्बनवर नेमका गट जोडण्याचा मार्ग अधिक सुटसुटीत आहे, हे खरे.)

साखर कण्यातच हवी असेल, तर दुहेरी बंधही कड्यातच हवा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1913 साली वर्णिलेले ग्लुकाल हे ग्लुकोजपासून मिळणारे संयुग तसे आहे, पण मुक्त मूलकांनी त्याची एकट्याची लांब साखळी होत नाही. लेव्होग्लुकोसेनोलचे तसे नाही. सेल्युलोज आम्लासह तापवून मिळणाऱ्या लेव्होग्लुकोसेनोनच्या क्षपणाने (हायड्रोजन जोडून) ते मिळते आणि रुथेनियमच्या उत्प्रेरकाने त्याचे कडे उघडून साखळीत गुंफता येते. या साखळीच्या कण्यात ॲसिटल बंध (एकाच कार्बनला जोडलेल्या दोन ऑक्सिजनचे, आम्लात तुटणारे बंध) येतात, म्हणून ती आम्लात खरोखरच तुटते. मात्र रुथेनियम महाग आहे आणि त्याचे अंश पॉलिमरमधून काढावे लागतात. त्यामुळे पिशव्या-बाटल्यांना पर्याय म्हणून मी हा मार्ग आज सुचवणार नाही.