साक्षीदार गेले की रहस्यही जातं

इंग्रज कादंबरीकार विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'वर निघालेले सिनेमे आणि मालिका मिळतील तशा मी पाहत आले आहे, आणि प्रत्येक वेळी मला एकच गोष्ट खटकते. गोष्ट सगळी असते, वाडा असतो, धुकं असतं, पांढऱ्या कपड्यातली बाई मध्यरात्री रस्त्यावर येते. पण ही गोष्ट सांगतंय कोण, ते मात्र गायब होतं. माझं म्हणणं असं की या कादंबरीतलं खरं रहस्य तिथेच आहे.

(पोस्ट मोठी आहे आणि तिच्यात कथेची गुपितं फुटणार आहेत. कादंबरी वाचायची राहिली असेल तर आधी ती वाचा, पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.)

२६ नोव्हेंबर १८५९ पासून डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात ही कादंबरी आठवड्याला एक हप्ता अशी येऊ लागली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये संपली. सुरुवातीलाच कॉलिन्स सांगून टाकतो की कोर्टात जशा साक्षी होतात तशी ही कथा सांगितली जाईल. ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याने सांगायचं. कारणही तो देतो: कायदा अजून लांब थैलीवाल्यांचा चाकर आहे, म्हणून न्यायाधीशासमोर जे जायला हवं होतं ते वाचकासमोर येतंय. वाचकाला त्याने न्यायासनावर बसवलं आहे. एकदा हे लक्षात आलं की पुढचं प्रत्येक पान आपण वेगळ्या नजरेने वाचतो.

वॉल्टर हार्टराइट हा चित्रकलेचा शिक्षक बोलतो, गिल्मोर वकील बोलतात, नायिका लॉराची सावत्र बहीण मॅरियन हिची डायरी बोलते, आणि मग मधोमध पाचसहा लहान लहान साक्षी येतात. त्यातल्या चार तर काळजाचा ठोका चुकवणाऱ्या आहेत. पहिली स्वयंपाकिणीची. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणून तिचं म्हणणं दुसऱ्या कुणीतरी उतरवून घेतलं आहे. दुसरा डॉक्टरचा दाखला. तिसरी, मृतदेहाची शेवटची तयारी करणाऱ्या बाईची. आणि चौथी साक्ष आहे थडग्यावरच्या दगडाची! लॉरा, लेडी ग्लाइड, अमुक तारखेला वारली, असं तो दगड सांगतो. यातलं कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं आहे, आणि चौघांची बेरीज मात्र धादांत खोटी निघते. त्यानंतर वॉल्टर त्या थडग्यापाशी जातो, समोरून दोन स्त्रिया येतात, एक तोंडावरचा पदर बाजूला करते, आणि जिचं नाव दगडावर कोरलंय तीच लॉरा त्याच्याकडे बघत उभी असते.

आता हे पडद्यावर कसं होतं बघा. १९४८ च्या वॉर्नर ब्रदर्सच्या सिनेमात एलिनॉर पार्करने लॉरा आणि तिच्यासारखीच दिसणारी, पांढऱ्या कपड्यातली अ‍ॅन कॅथरिक या दोन्ही भूमिका केल्या आहेत. २०१८ च्या बीबीसी मालिकेत ऑलिव्हिया व्हिनॉलने दोन्ही केल्या आहेत. एकच चेहरा दोघींना दिला की प्रेक्षकाला अदलाबदल होणार हे फार आधी कळून चुकतं. वाचकाला मात्र ते साम्य वॉल्टरच्या तोंडून कळलेलं असतं, डोळ्यांनी दिसलेलं नसतं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की दगडावर, हे वाचकाला ठरवावं लागतं. पडद्यावर ठरवायचं काही उरतच नाही, कॅमेऱ्याने आधीच सगळं दाखवलेलं असतं.

मॅरियनच्या डायरीवर मात्र जरा जास्त लिहिणार आहे, कारण एकोणिसाव्या शतकातल्या रहस्यकथांमध्ये इतकं भेदक पान माझ्या वाचनात दुसरं नाही. ब्लॅकवॉटर पार्क या वाड्यात रात्री लॉराचा नवरा सर पर्सिव्हल आणि त्याचा मित्र काउंट फॉस्को लायब्ररीत बसून लॉराच्या पैशांबद्दल बोलणार आहेत. मॅरियन पायघोळ रेशमी झगा काढून ठेवते, गडद रंगाचे साधे कपडे चढवते, खिडकीतून व्हरांड्याच्या छपरावर उतरते आणि पावसात बसून सगळं ऐकते. भिजून, थंडीने काकडून परत येते आणि विसरायच्या आत लिहायला बसते. तापाने अक्षर बिघडत जातं, वाक्यं तुटतात, पुढचं वाचता येत नाही. आणि मग त्याच डायरीत दुसरं हस्ताक्षर सुरू होतं. ते फॉस्कोचं असतं. त्याने डायरी पहिल्यापासून वाचली आहे आणि तो मॅरियनच्या बुद्धीची, निरीक्षणाची, शैलीची मनापासून स्तुती करतोय!

ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो फक्त फॉस्कोमुळे नाही. इतकी पानं आपणही तिची खासगी डायरी वाचत होतो. आपण तिच्या विश्वासातले आहोत असं वाटत होतं, आणि अचानक कळतं की आपल्या शेजारी बसून तोही वाचत होता.

पडद्यावर छपरावरचा पाऊस सुरेख दिसतो. पण फॉस्कोने डायरी उघडली की प्रेक्षकाला एवढंच कळतं की खलनायकाच्या हाती पुरावा लागला. आपलं काही हिरावून घेतलं गेलं असं वाटत नाही, कारण आपण त्या डायरीत कधी राहिलेलोच नसतो. कॅमेरा मॅरियनच्या खोलीत होता तसाच तो वॉल्टरबरोबर होता, पर्सिव्हलबरोबरही होता.

२०१८ च्या मालिकेला मी इथे श्रेय देईन. तिच्यात इरॅस्मस नॅश नावाचं नवं पात्र घातलं आहे, आर्ट मलिकने ते केलंय, आणि हा माणूस सगळ्यांच्या साक्षी गोळा करत हिंडतो. म्हणजे कादंबरीचा कणा कुठे आहे हे बनवणाऱ्यांना नक्की कळलं होतं. पण साक्ष सुरू झाली की दृश्य दिसतं ते नेहमीचंच, सगळं बघणारं. कोण बोलतंय त्याने चित्रात काडीचा फरक पडत नाही. जेसी बकलीची मॅरियन मला फार आवडली, तरीही हे म्हणते आहे.

मॅरियनचाच विषय निघाला तर आणखी एक. वॉल्टर तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हा ती पाठमोरी, खिडकीशी उभी आहे. तिचा बांधा, तिची चाल बघून तो मोहून जातो. ती जवळ येते आणि त्याच्या मनात येतं: ही तर कुरूप आहे. सावळा रंग, ओठावर मिशीसारखी लव. व्हिक्टोरियन कादंबरीतली सगळ्यात हुशार, सगळ्यात धीट बाई कॉलिन्सने मुद्दाम अशी रंगवली आहे. आणि पडद्यावर? अ‍ॅलेक्सिस स्मिथ, डायना क्विक, टारा फिट्झजेराल्ड, जेसी बकली. चौघीही गुणी आणि चौघीही देखण्या. सुंदर लॉराभोवती सगळे फिरतात आणि मॅरियनकडे मित्र म्हणून बघतात, या दुखण्याला पडद्यावर मग काही अर्थच राहत नाही. शिवाय फॉस्को एकटाच तिच्यावर भाळतो, त्यातली धारही बोथट होते. फॉस्को स्वतः कादंबरीत अवाढव्य आहे. हलक्या पावलांनी वावरणारा, पांढरे उंदीर अंगाखांद्यावर खेळवणारा. १९४८ मध्ये सिडनी ग्रीनस्ट्रीटने ते वजन पडद्यावर आणलं होतं. २०१८ चा रिकार्डो स्कामार्चो सडपातळ आणि रुबाबदार आहे, त्याच्यापासून जो धोका वाटतो तो वेगळ्या जातीचा.

१९९७ च्या बीबीसी सिनेमात तर पर्सिव्हलचं गुपितच बदललं. मूळ कथेत तो अनौरस आहे, आणि ते लपवायला त्याने चर्चच्या नोंदवहीत आईबापांच्या लग्नाची खोटी नोंद घुसडली आहे. आजच्या प्रेक्षकाला त्याचं काय वाटणार, असा विचार करून त्याजागी लहानग्या अ‍ॅनवरचा अत्याचार आणला. त्यामागचा विचार मला समजतो, पण पटत नाही. ही सगळी कादंबरी कागदांची आहे. लॉराचे वीस हजार पौंड, लग्नाचा करारनामा, मृत्यूचा दाखला, नोंदवही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा पहिला कायदा इंग्लंडमध्ये १८७० मध्ये झाला, म्हणजे कादंबरीनंतर दहा वर्षांनी. कागदावरच्या एका ओळीने माणूस सरदार होतो आणि दुसऱ्या ओळीने जिवंत बाई मेलेली ठरते. कट शेवटी उघडा पडतो तोही तारखांमुळे. मृत्यूची तारीख आधीची, आणि लॉरा लंडनला निघाली ती नंतर. (पहिल्या आवृत्तीत कॉलिन्सचा स्वतःचाच या तारखांत घोळ झाला होता. 'टाइम्स'च्या समीक्षकाने तो पकडला आणि पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला.) ती नोंदवही काढली की या सगळ्याचा सांधाच निखळतो.

लोक म्हणतात, सिनेमा वेगळं माध्यम आहे, काटछाट होणारच. खुद्द कॉलिन्सनेही ती केली होती. 'द मूनस्टोन' या आपल्याच आणखी एका कादंबरीचं त्याने १८७७ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक थिएटरसाठी नाटक केलं, तेव्हा डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज, मोलकरीण रोझाना स्पिअरमन, अफूचा प्रयोग आणि भारतातून लुटून नेलेल्या हिऱ्यामागे आलेले तिघे ब्राह्मण, सगळ्यांना त्याने वगळलं. पण लेखकाने केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. १८६८ च्या कादंबरीपुढे ते नाटक आज कुणाला आठवतंय? १९३४ च्या मोनोग्राम कंपनीच्या तासाभराच्या अमेरिकन सिनेमात कथा त्या काळच्या वर्तमानात आणली आणि तिघा ब्राह्मणांच्या जागी एक हिंदू नोकर ठेवला. म्हणजे आणखी वजाबाकी.

आपल्यासाठी ही वजाबाकी जास्त बोचरी आहे. 'मूनस्टोन' सुरू होते १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीने आणि संपते काठेवाडात, सोमनाथला. मधे इंग्लंडमधल्या एका घराची कथा आहे. पण पहिला चोर इंग्रज अधिकारी आहे आणि शेवटी हिरा जिथला तिथे परत जातो. १८५७ नंतर जेमतेम अकरा वर्षांनी एका इंग्रज लेखकाने हे लिहिलं. समुद्र ओलांडून जात गमावलेले ते तिघे चंद्रदेवापुढे हिरा पोचवतात, एकमेकांना मिठी मारतात आणि तीन दिशांना निघून जातात, पुन्हा आयुष्यात कधीही न भेटण्यासाठी. या प्रसंगाला मालिकेचा एक अख्खा भाग द्यायला हवा, आणि तो काठेवाडीच असायला हवा.

आणि हे जमणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. कॅमेऱ्याला फक्त शिस्त लावायची. स्वयंपाकिणीची साक्ष असेल तेव्हा तो स्वयंपाकघरात आणि जिन्यावरच राहू दे. वरच्या आजारी बाईचा चेहरा आपल्याला धड दिसूच नये. लॉरा आणि अ‍ॅन दोन वेगळ्या नट्यांना द्या. 'मूनस्टोन'मधल्या मिस क्लॅकच्या भागात धर्मपुस्तिका वाटत फिरणाऱ्या त्या बाईला दिसतं तेवढंच आम्हाला दाखवा, तिच्या खोट्या सोज्वळपणासकट. मॅरियनच्या डायरीचे दोन भाग सलग तिच्या आवाजात होऊ द्या, तिच्याशिवाय दुसरं काहीही न दाखवता, आणि मग एका वाक्याच्या मधेच आवाज फॉस्कोचा होऊ द्या.

तोवर ज्यांना काही बघायचंच आहे त्यांनी १९८२ ची पाच भागांची बीबीसी मालिका शोधून बघा. डायना क्विक त्यात मॅरियन आहे आणि अ‍ॅलन बडेल फॉस्को. पण डायरीचं ते प्रकरण मात्र आधी पुस्तकात वाचा, शक्यतो एका बैठकीत. आणि ज्यांनी कादंबरी वाचून मग मालिका पाहिली आहे, त्यांनी फॉस्कोच्या त्या पानावर पोचल्यावर काय वाटलं ते खाली जरूर लिहा.