रात्रभर दिवा नको
‘दिवा रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी उठून निवांत पतंग मोजा’ हा पतंगांच्या, म्हणजे रात्री दिव्याकडे येणाऱ्या मॉथच्या, नोंदी ठेवण्यावरच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे. पावसाळ्यात पतंग येऊन बसावेत म्हणून मागच्या बागेत पांढरी चादर टांगून आम्ही दिवा लावतो. तो पहाटेपर्यंत ठेवला की नीट उजाडायच्या आत दयाळ आणि बुलबुल हजर! चादरीखाली उरतात नुसते पंख. एकदा कण्हेरीवरच्या हिरव्या हॉक मॉथ पतंगाचा पंख मिळाला, त्यावरची गुलाबी नक्षी अजून ताजी होती. याला नोंद म्हणायचं? अ‍ॅटलास पतंगाला तर खाता येईल असं तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगायचं, त्यातच जोडीदार शोधायचा. त्याची अख्खी रात्र आपण का खायची?

अकरापर्यंत फोटो काढा, दिवा बंद करा, त्यांना झुडपात जाऊ द्या. उशिरा येणारे काही सुटतील, सुटू देत. नोंदीत मात्र दिव्याचा प्रकार, पाऊस आणि चंद्र लिहाच. पौर्णिमेच्या आसपास पतंग कमी येतात; हे न लिहिता दोन रात्रींची तुलना कशी करणार?