दहावी आहे, खो-खो बंद

रविवारी बडोद्याला फोन लावला. भाची दिसेना म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाली, "क्लासला गेलीय. दहावी आहे ना, मार्चपर्यंत खो-खो बंद."

बंद. नळ बंद करावा तसं.

मी तिथेच भाषण सुरू केलं. हाडांची भरती याच वयात होते. संध्याकाळी धावलेलं पोर रात्री लवकर झोपतं आणि सकाळी त्याचं डोकं चालतं. खो मिळेपर्यंत दबा धरून बसायचं आणि पाठीवर हात पडताच सुटायचं, हे कुठला क्लास शिकवतो? इथे स्टुटगार्टात लेकाचा पेपर उद्यावर असला तरी मंगळवारी आणि गुरुवारी फेराइनचं, म्हणजे इथल्या क्रीडा मंडळाचं, ट्रेनिंग चुकत नाही!

"तुमच्याकडे शाळा दुपारी सुटते," दादा म्हणाला. "आमच्याकडे क्लासच रात्री आठला सुटतो."

गंमत म्हणजे हाच दादा पाहुण्यांना हमखास ऐकवतो की 1946-47च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी आपल्या बडोद्यात 577 धावांची भागी केली आणि तो विक्रम 2006पर्यंत टिकला. जुम्मादादा व्यायाम मंदिराचंही त्याला केवढं कौतुक! अभिमानाला गावचं मैदान चालतं, पोरीला चालत नाही.

तासाभराने वहिनीने एक बातमी पाठवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातले 2016चे आकडे होते. 11 ते 17 वर्षांची, रोज साठ मिनिटंही पुरेशी हालचाल न करणारी मुलं: भारतात 73.9 टक्के, जर्मनीत 83.7. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, तुमच्याच देशातली मुलं जास्त लोळतात."

तुमच्याच देशातली! माझ्या कपाटात अजून भारतीय पासपोर्ट आहे. पण आकडा खोडता येईना, म्हणून मी त्याच अभ्यासातलं पुढचं शोधून पाठवलं. भारतातले मुलगे क्रिकेटमुळे आणि मुली घरकामामुळे हलत असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे केर काढला की झाला व्यायाम. (जर्मन मुलींचा आकडा मुलग्यांहून वाईट आहे, हे मी पाठवलं नाही.)

मग दादाचा एकच मेसेज आला. "तुझाही बाबांनी दहावीलाच बंद केला होता. काय बिघडलं? इंजिनीअरिंगला कलाभवनला गेलीस, जर्मनीला पोचलीस."

यावर काय बोलणार? दादाचं क्रिकेट मात्र त्याच्या दहावीतही चालू होतं, हे लिहिलं आणि पुसलं. कारण त्याचं खरंच होतं. मार्क पडले, ॲडमिशन मिळाली, नोकरी मिळाली. त्यानंतर मी कुणाबरोबर काही खेळले नाही, एवढंच. सहा वर्षं झाली, मॅचच्या दिवशी केक घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहते. बाकीच्या आया श्वेबिश या इथल्या बोलीत एकमेकींची थट्टा करतात आणि मी क्षणभर उशिरा हसते. त्यांतल्या निम्म्या लहानपणी याच फेराइनमधून खेळलेल्या. दांडिया बाजारातल्या माझ्या टीमपैकी एकीचाही नंबर माझ्याकडे नाही.

भाचीचा मेसेज आला तेव्हा तिकडे साडेअकरा वाजून गेले होते. "आत्या, तू कितव्या जागेवर बसायचीस?"

"आठव्या," मी लिहिलं. "खांबाजवळ. आता झोप."